प्राणिजन्य व संधिसाधू जीवाणूसंसर्ग : लेप्टोस्पायरोसिस आणि मेलिओइडोसिस यांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :
पावसाळ्यात ताप आला की मलेरिया, डेंग्यू आणि विषमज्वर ही नावे प्रथम घेतली जातात. ओल्या मातीतून व साचलेल्या पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या जीवाणूंचा विचार मात्र बहुधा उशिरा होतो आणि हा उशीर रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. प्रस्तुत लेखात अशा दोन जीवाणूंचा परिचय करून देऊन प्राणिजन्य व संधिसाधू संसर्ग या संकल्पना स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना :
पृष्ठवंशीय प्राण्यांकडून मानवाकडे नैसर्गिकरीत्या संक्रमित होणाऱ्या रोगांना प्राणिजन्य रोग म्हणतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार मानवास रोगकारक ठरणाऱ्या १४१५ प्रजातींपैकी सुमारे ६१ टक्के प्राणिजन्य आहेत. याउलट, निरोगी व्यक्तीस सहसा अपाय न करणारा, परंतु प्रतिकारशक्ती क्षीण होताच रोग उत्पन्न करणारा जीवाणू संधिसाधू ठरतो. पहिल्या व्याख्येत जीवाणू कोठून आला हे महत्त्वाचे असते, तर दुसरीत तो कोणाच्या शरीरात शिरला हे महत्त्वाचे असते. म्हणून हे दोन वर्ग परस्परविरोधी नाहीत. एकच जीवाणू दोहोंत मोडू शकतो.

लेप्टोस्पायरा :
१८८६ साली जर्मन वैद्य अडोल्फ वाइल यांनी कावीळ, ताप व मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र आढळणाऱ्या आजाराचे वर्णन केले. १९०७ साली स्टिमसन यांना पीतज्वराने दगावल्याचे मानल्या गेलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडात प्रश्नचिन्हासारखे वाकलेले सर्पिल जीवाणू दिसले. 'इंटरोगान्स' हे प्रजातिनाम त्या आकारावरूनच आले. जपानमध्ये इनाडा व इदो यांनी १९१५ च्या सुमारास हा जीवाणू वेगळा करून वाइल यांच्या आजाराशी त्याचा कार्यकारणसंबंध प्रस्थापित केला.

हा जीवाणू उंदरांच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांमध्ये वास्तव्य करतो व मूत्रावाटे बाहेर पडतो. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. गुरे, डुकरे व कुत्री हेही वाहक असू शकतात. दूषित पाण्यातून तो जखमेवाटे, खरचटलेल्या त्वचेतून किंवा डोळे, नाक व तोंड यांच्या श्लेष्मल आवरणातून मानवी शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या महापुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. कोकणातील भातशेतीतही हा धोका सुपरिचित आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा आजार होतो व सुमारे ५९ हजार मृत्यू होतात.

मेलिओइडोसिस :
१९१२ साली रंगून येथे व्हिटमोर व कृष्णस्वामी यांनी एका नव्या जीवाणूचे वर्णन केले. त्यांचे बरेचसे रुग्ण मॉर्फिनच्या व्यसनाने खंगलेले होते. म्हणजे या रोगाचे संधिसाधू रूप आरंभापासूनच दृष्टीस पडले होते. बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलिआय हे त्याचे आजचे नाव. तो उष्ण प्रदेशांतील माती व पाणी यांत राहतो. प्राण्यांनाही बाधतो, परंतु मानवास तो बहुतांशी थेट मातीतूनच होतो. मधुमेह हा त्याचा सर्वांत मोठा धोकाघटक होय. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार व अतिमद्यपान हेही धोका वाढवतात. फुफ्फुसदाह, यकृत व प्लीहा यांतील गळवे किंवा रक्तातील संसर्ग अशी त्याची रूपे असल्याने तो अनेकदा क्षयरोग समजला जातो. मधुमेहींची संख्या प्रचंड असलेल्या आपल्या देशात या बाबीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

निदानातील भेद :
या दोन जीवाणूंचे निदान चुकण्याची कारणे भिन्न आहेत. लेप्टोस्पायरा केवळ ०.१ मायक्रोमीटर जाडीचा असल्याने नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, आणि संवर्धनास अनेक आठवडे लागतात. त्यामुळे प्रतिपिंडांच्या चाचणीवर भिस्त ठेवावी लागते. परंतु प्रतिपिंडे साधारणपणे पहिल्या आठवड्यानंतरच आढळतात. सुरुवातीची चाचणी नकारात्मक आली म्हणून रोग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. बर्कहोल्डेरिया मात्र साध्या माध्यमावरही वाढतो. तेथे अडचण ओळखण्याची असते. स्युडोमोनास किंवा बाहेरून मिसळलेला निरुपद्रवी जीवाणू समजून त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

उपचारांतही असाच भेद आहे. लेप्टोस्पायरोसिसवर पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन व सेफ्ट्रिअॅक्झोन गुणकारी ठरतात. मेलिओइडोसिसचा जीवाणू पेनिसिलिन व जेंटामायसिन यांना सामान्यतः दाद देत नाही. त्यासाठी प्रथम सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेवाटे आणि नंतर किमान तीन महिने कोट्रायमॉक्साझोल द्यावे लागते. उपचार मध्येच सोडल्यास रोग उलटतो.

महाविद्यालयीन संदर्भ :
राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक पूरग्रस्त भागात स्वच्छतेसाठी जातात. वनस्पतिशास्त्र, भूगोल व प्राणिशास्त्राचे विद्यार्थी क्षेत्रभेटीत चिखलात उतरतात. त्यांना गमबूट व हातमोजे पुरवणे, जखम झाकणे, परतल्यावर साबणाने हातपाय धुणे आणि मधुमेही सहभागींना अशा कामापासून दूर ठेवणे हे सहज शक्य आहे. पुराच्या पाण्यातून जावे लागल्यास प्रतिबंधक औषधाबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. पुढील काही आठवड्यांत ताप आल्यास 'मी चिखलपाण्यात काम केले होते' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे, अशी सूचना शिबिराच्या समारोपातच द्यावी.

समारोप :
रोगाचे कारण केवळ जीवाणूत नसते. ते प्राणी, माती, पाणी आणि माणसाचे आरोग्य यांच्या परस्परसंबंधात असते. म्हणूनच वैद्यक, पशुवैद्यक व पर्यावरणशास्त्र यांनी एकत्र विचार करण्याची गरज आहे. त्या विचाराचा आरंभ रुग्णाला विचारलेल्या एका साध्या प्रश्नापासून होऊ शकतो : गेल्या महिन्याभरात आपले पाय कोणत्या पाण्यात होते?