पाचवीची परीक्षा नेमकं काय विचारते?

आजचा विषय तसा घरगुती आहे. व्याख्यानांनंतर आमच्याभोवती जी मंडळी जमतात, त्यांत तरुण आईवडील पुष्कळ असतात, आणि हल्ली त्यांचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसतो. तो असा असतो: "सर, परीक्षा बंद झाल्या होत्या ना? मग आता पाचवीत नापास कसं करतात? आणि या मधल्या पायाभूत, संकलित वगैरे चाचण्या कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. पण त्यात दोन-तीन गोष्टींची गल्लत आहे. ती आधी सोडवू.

परीक्षा कधीच बंद झाल्या नव्हत्या. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या सोळाव्या कलमाने बंद केलं ते आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवणं. त्याच कायद्यात मुलाच्या आकलनाचं सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन करा, असंही स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे तपासणं काढलं नव्हतं, उलट ते वर्षभर करायला सांगितलं होतं. आपल्याकडे त्याचे दोन भाग झाले. आकारिक म्हणजे रोजच्या कामातून होणारं, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारं. पहिली-दुसरीत आकारिकला 70 टक्के वजन आणि संकलितला 30. वर्ग वाढत जातो तसं संकलितचं वजन वाढतं. पाचवीत ते 50 होतं आणि आठवीत 60. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे लागतील.

लोकांनी मात्र या सगळ्याला एकच शब्द दिला: ढकलपास. आणि खरं सांगायचं तर अनेक ठिकाणी तसंच झालं. रोजच्या नोंदी ठेवायच्या म्हणून वर्षाअखेरीस एका बैठकीत भरल्या गेल्या, आणि प्रगतिपुस्तकात 'अ-2', 'ब-1' अशा श्रेण्या आल्या. घरी कुणाला त्या कळेनात, आणि कुणी समजावूनही सांगितल्या नाहीत.

मग 2019 मध्ये संसदेने सोळावं कलम बदललं. पाचवी आणि आठवीच्या शेवटी नियमित परीक्षा घ्यायची. अनुत्तीर्ण मुलाला जादा शिकवायचं, दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यायची. तरीही जमलं नाही तर मागे ठेवायचं की नाही, ते राज्यांनी ठरवायचं. महाराष्ट्राने 2023 मध्ये 'ठेवायचं' असं ठरवलं. आता ते मघाचे आकडे आठवा. पाचवीची ही परीक्षा विषयाला 50 गुणांची आणि आठवीची 60 गुणांची आहे. उत्तीर्ण व्हायला 35 टक्के, म्हणजे पाचवीत 18 आणि आठवीत 21 गुण लागतात. बाकीच्या वर्गांत मागे ठेवणं आजही नाही. आणि मूल नापास झालं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. ही ओळ कायद्यात तेव्हाही होती आणि आजही आहे.

आता त्या मधल्या चाचण्या. केंद्राच्या आणि जागतिक बँकेच्या 'स्टार्स' प्रकल्पात महाराष्ट्र सहभागी झाला, आणि त्यात 2023-24 पासून प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या नियतकालिक चाचण्या सुरू झाल्या. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, पुढे दोन संकलित. प्रश्नपत्रिका राज्याकडून येतात. शिवाय 4 डिसेंबर 2024 ला 'परख'चं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, निवडक शाळांत, तिसरी, सहावी आणि नववीला. त्यात तुमच्या मुलाचा निकाल मिळतच नाही. जिल्हा कुठे आहे ते कळतं, बस्स.

म्हणजे प्रश्न तीन झाले. सर्वेक्षण विचारतं, आमचा जिल्हा कसा शिकतो आहे? पायाभूत चाचणी विचारते, हे मूल आज कुठे उभं आहे, उद्या कुठून शिकवू? आणि पाचवीची वार्षिक परीक्षा विचारते, याने सहावीत जावं का? कागद तिन्हींचा सारखाच दिसतो आणि गुणही सारखेच दिसतात. पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की घोटाळा होतो. पायाभूत चाचणीत मुलाला 30 पैकी 9 पडले म्हणून कुणी त्याला क्लास लावला, त्या चाचणीच्या सराव पुस्तिका आणल्या, तर काय होईल? ताप आहे का बघायला थर्मामीटर लावायचा आणि आधी मुलाला बर्फाचं पाणी पाजायचं, तसलाच हा प्रकार. पारा खाली येईल. ताप मात्र आहे तिथेच.

हे नवं नाही बरं का. इंग्लंडमध्ये 1862 च्या नियमावलीने शाळांचं अनुदान मुलांच्या परीक्षेवर बांधलं. निरीक्षक यायचे, वाचन, लेखन, अंकगणित तपासायचे, त्यावर पैसे. शाळांनी साहजिकच तेवढंच शिकवलं आणि वाचनाचं पुस्तक मुलांकडून पाठच करून घेतलं. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-निरीक्षक होता, त्याने या पद्धतीवर कडाडून टीका केली. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. मोजपट्टीवर बक्षीस किंवा शिक्षा टांगली की माणसं मोजपट्टीलाच हात घालतात. त्यात मुलं लबाड नसतात, शिक्षकही नसतात.

आता एक उदाहरण, आणि यावर जरा थांबू. 42 वजा 17. एका मुलाने उत्तर लिहिलं 35. गुण शून्य. दुसऱ्याने जागा कोरी सोडली. त्यालाही शून्य. तिसऱ्याने 24 लिहिलं, तरी शून्यच. पण बघा, पहिल्या मुलाने 7 मधून 2 वजा केले आणि 4 मधून 1. त्याचा एक नियम आहे: मोठ्यातून लहान काढायचा, वर असो की खाली. नियम चुकीचा आहे, पण तो प्रामाणिकपणे पाळलेला आहे. त्याला दशक सोडवणं शिकवायला हवं, काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवायला हवा. तिसऱ्याला वजाबाकी कळते, तो मोजताना एकाने घसरला. कोरं सोडणाऱ्याशी बोलावंच लागेल. कदाचित तो घाबरला असेल, कदाचित उदाहरणच वाचता आलं नसेल. तीन शून्यं, तीन वेगळी मुलं! हे सगळं उत्तरपत्रिकेत दिसतं. गुणपत्रकात यातलं काहीही दिसत नाही.

म्हणून पालकांना आमचं एकच सांगणं असतं. शाळेत गेल्यावर "किती पडले?" हे विचारू नका, ते कळतंच. "उत्तरपत्रिका दाखवता का?" असं विचारा. आणि मग, "कोणती अध्ययन निष्पत्ती राहिली?" शब्द जड आहे, पण शिक्षकांच्या रोजच्या वापरातला आहे, त्यांना लगेच कळेल. शिक्षकांशी भांडायला जाऊ नका, एका वर्गात चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाई त्या.

मागे ठेवण्याबद्दल आमचं मत विचाराल तर, आम्हाला तो निर्णय पटलेला नाही. ज्या पद्धतीने मूल एकदा शिकलं नाही, त्याच पद्धतीत त्याला आणखी एक वर्ष बसवून काय साधणार? पण पाचवीपर्यंत कुणाचंच लक्ष जात नव्हतं आणि आता जातं, हेही खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. सगळा कस लागतो तो मधल्या दोन महिन्यांत. निकाल लागतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर. फेरपरीक्षेआधी जादा मार्गदर्शन द्यायचं ही शाळेची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे. तेव्हा तुमच्या मुलावर, शेजारच्या मुलावर, घरी काम करणाऱ्या मावशींच्या मुलावर ही वेळ आली, तर निकालाच्याच दिवशी विचारा: वर्ग कधीपासून भरणार, कोण घेणार, फेरपरीक्षा कोणत्या तारखेला? मावशींना विचारायचा संकोच वाटत असेल तर त्यांच्याबरोबर जा. पुष्कळ आईवडील "नापास झाला" एवढंच ऐकून मुलाला घेऊन गावी जातात आणि फेरपरीक्षा हुकते.

शिष्यवृत्ती परीक्षेबद्दलही चिठ्ठ्या आल्या आहेत. ती चौथा, अगदी निराळा प्रश्न विचारते, आणि तिला बसणं ऐच्छिक आहे. त्यावर पुढच्या वेळी बोलू.