खडवलीकर कोण?

कसारा लोकल टिटवाळा सोडून पुढच्या स्थानकात थांबते, ती खडवली. सुट्टीच्या दिवशी भातसेत डुंबायला येणाऱ्या मुंबईकरांना हे गाव चांगले ठाऊक असते. पण 'खडवलीकर' आडनावाचे घर विचारत कुणी इथे उतरला, तर त्याची फेरी फुकट जाण्याचीच शक्यता जास्त. ज्या गावात सगळेच खडवलीचे, तिथे एकालाच खडवलीकर कोण म्हणेल? गावात माणूस ओळखायचा तो बापाच्या नावावरून, पाड्यावरून, आळीवरून. कल्याण-भिवंडीच्या पट्ट्यात तर भोईर किंवा म्हात्रे अशी आडनावाने हाक मारली, तर निम्मी आळी वळून पाहील.

'कर' लागते ते गाव सोडल्यावर, आणि लावतात ते बहुधा परक्या गावचे लोक. म्हणून असे विरळ आडनाव भेटले, की त्यातले गाव हे मुक्कामाचे नसून निघाल्याचे ठिकाण समजावे. संगीतकार विष्णु दिगंबर यांचे घराणे मुळात गाडगीळांचे. पलूस गावचे म्हणून ते पलुसकर झाले. विष्णु दिगंबरांचा स्वतःचा जन्म मात्र 1872 मध्ये कुरुंदवाडचा. रामजी सकपाळांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांच्या मुलाचे नाव दाखल झाले, ते 'भिवा रामजी आंबेडकर'. आंबडवेकरचे आंबेडकर कसे झाले याच्या कथा अनेक आहेत आणि त्यावर वादही आहेत, पण शाळेच्या नोंदवहीत जे उतरले तेच जगभर गेले.

या रीतीचे सर्वांत ठळक उदाहरण बेने इस्रायली समाजाचे आहे. आपले पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, असे हे लोक परंपरेने सांगतात. पुढे ते जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पांगले आणि तेलघाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नावे सॅम्युएल, डेव्हिड, जोसेफ, आणि आडनावे नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर! अशी गावावरून पडलेली त्यांची आडनावे शंभराहून अधिक आहेत. खेड्यात असेपर्यंत त्यांची ओळख धंद्याने आणि शनिवारने होत होती. मुंबईच्या फौजेत आणि कचेऱ्यांत शिरल्यावर गावाचे नाव कामी आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. मशीद बंदर या स्थानकाचे नाव त्याच प्रार्थनास्थळावरून पडले असे सांगतात. म्हणजे खडवलीहून रोज सीएसएमटीला जाणारा नोकरदार एका दिवेकराची आठवण ओलांडूनच कामावर पोचतो. ठाण्याचे सिनेगॉग 1879 चे. 'आलम आरा' या 1931 च्या बोलपटाचे लेखक जोसेफ डेव्हिड हेही पेणकरच. आणि समाजाचा इतिहास लिहिला तो हाईम सॅम्युएल केहिमकरांनी, म्हणजे किहीमच्या घराण्यातल्या माणसाने. ते हस्तलिखित 1897 चे, पण पुस्तक छापले गेले 1937 मध्ये, तेही तेल अवीवला. पुढे हजारो कुटुंबे इस्रायलला गेली, आणि ज्या खेड्यांत आता एकही यहुदी घर उरले नाही त्यांची नावे तिकडच्या दारांवरच्या पाट्यांवर लागली.

या 'कर'मध्ये मला आवडते ते एवढेच, की त्याला जात विचारता येत नाही. ब्राह्मण, भंडारी, महार, यहुदी, सगळ्यांनाच ते चालले. लेखणीच्या हुद्द्यांवरून पडलेली आडनावे मात्र बहुतेक लिहित्या वर्गातच राहिली. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांतला 'नीस' फारसी 'नवीस'चा, म्हणजे लिहिणारा. वेळासच्या भानूंचे तर मूळ आडनाव हुद्द्याने गिळूनच टाकले. नाना फडणवीसांना नाना भानू कोण म्हणतो?

आता खडवलीकडे परत येऊ. कल्याण ते वासिंद रूळ 1855 मध्ये पडले, तेव्हापासून इथला माणूस बाहेर पडायला मोकळा झाला. पुढच्या काळात शाळेचा दाखला, सात-बारा आणि नोकरीचे पुस्तक यांनी आडनावे पक्की करायला सुरुवात केली. पूर्वी एका पिढीत आडनाव बदलत असे. आता ते बदलायचे तर राजपत्रात सूचना छापावी लागते. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव आणले, पण आडनावाची शेवटची जागा तशीच ठेवली. त्यामुळे डोंबिवलीत स्थायिक झालेला खडवलीचा भोईर भोईरच राहतो. गंमत अशी, की 'डोंबिवलीकर' हा शब्द मात्र जोरात आहे. लोकलची गर्दी, खड्डे आणि नाट्यगृह यांविषयी बोलताना तो रोज वापरला जातो. पण तो सहसा कुणाच्या आधार कार्डावर चढत नाही. डोंबिवलीत राहणारा माणूस डोंबिवलीतच स्वतःला डोंबिवलीकर म्हणवतो, ही गोष्ट मूळ रीतीच्या अगदी उलट आहे. एखाद्या कुटुंबाला 'खडवलीकर' व्हायचेच असेल, तर आज गाव सोडणे पुरेसे नाही, अर्ज भरावा लागेल.