पिढीजात शेत : वैनगंगाकाठ आणि अमेरिका

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर संस्थानात डोव्हर नावाचे गाव आहे. इंग्लंडातून आलेल्या जॉन टटल नावाच्या गृहस्थाला सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे जमीन मिळाली, आणि ती अकरा पिढ्या त्याच कुळाच्या वहिवाटीत राहिली. आपल्याकडे त्या वेळी शहाजीराजांचा काळ चालू होता, एवढे सांगितले म्हणजे मुदतीची कल्पना येईल. सव्वाशे एकरांहून थोडी अधिक असलेली ही जमीन 2010 साली विक्रीस निघाली व 2013 साली दुसऱ्याच्या हाती गेली. अमेरिकन लोकांना त्याचे मोठे नवल वाटले. नागपूरकर श्रोत्याला मात्र नवल वेगळेच वाटावे : अकरा पिढ्यांत तिच्या वाटण्या कशा झाल्या नाहीत?

बाहेरून येऊन रान मोडून शेत करणारी कुळे आपल्याकडेही आहेत. रामटेकजवळच्या नगरधनला माळव्यातून येऊन राहिलेले पोवार हे त्यांतले एक. चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत त्यांनी कामगिरी केली आणि तिच्या मोबदल्यात त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेकडील जमिनी मिळाल्या, असे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद आहे. दुसरे कोहळी. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला असता त्याने त्यांना बरोबर आणले, अशी परंपरा सांगतात. कथा खरी असो वा नसो, कोहळ्यांचे काम डोळ्यांपुढे आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पटेल कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. पूर्व विदर्भात असे लहानमोठे तलाव सहा हजारांवर आहेत. दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या पाळीने बुजवायची, वरच्या रानातले पावसाचे पाणी अडवायचे आणि खालच्या बांध्यांत धान व ऊस पिकवायचा, हा त्यांचा हिशेब होता.

आता वारशाकडे वळू. न्यू इंग्लंडच्या वसाहतींतही सगळे थोरल्यालाच मिळत असे, असे नाही. तेथे थोरल्याला दुप्पट आणि इतरांना एकेक वाटा देण्याची रीत होती. परंतु व्यवहारात बाप मृत्युपत्र करून घर व शेत बहुधा एकाच मुलाच्या नावे करी. बाकीच्यांना रोख रक्कम किंवा एखादा धंदा मिळे, नाही तर ते पश्चिमेकडे नवी जमीन शोधीत जात. ती नवी जमीन तेथल्या मूळ रहिवाशांची होती, हेही सांगितले पाहिजे. एक शेत अखंड राहण्यासाठी कोणाचे तरी शेत जात होते.

आपल्याकडे मिताक्षरेचा नियम. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, आणि बापाला एका मुलाच्या नावे सारे करून देता येत नाही. न्यायाच्या दृष्टीने हा नियम मला अधिक सरळ वाटतो. पण त्याचा गुणाकार पाहा. समजा, बत्तीस एकर जमीन आणि चार मुलगे. प्रत्येकी आठ. त्यांना दोन-दोन मुलगे झाले की चार, आणि पुढच्या पिढीत दोन एकर. शिवाय भाऊ शेते वाटून घेत नाहीत. प्रत्येक शेताचे तुकडे करतात. कारण एका शेतात काळी कन्हार, दुसऱ्यात खरडी, तिसरे तलावाच्या तोंडाशी. चांगल्याचा वाटा प्रत्येकाला हवा, यात गैर काय? परिणाम असा, की दोन एकरांचा मालक चार ठिकाणी अर्धा-अर्धा एकर कसतो. दोन तुकड्यांमधल्या धुऱ्यात जमीन जाते, आणि बंडी कोणाच्या शेतातून न्यायची यावरून सख्ख्या चुलतभावांत दिवाणी दावे उभे राहतात. महाराष्ट्रात दर खातेदारामागे जमीन 1970-71 साली सरासरी 4.28 हेक्टर होती. 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टर झाली. तुकडेबंदीचा 1947 चा मुंबईचा कायदा 1959 साली विदर्भाला लागू झाला, पण घरातली तोंडी वाटणी कायद्याला विचारून होत नाही.

मालगुजारीच्या काळात यावर एक तोड होती. 1853 साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले (वारसाचा प्रश्न थोरामोठ्यांनाही चुकला नाही!), आणि 1860 नंतरच्या बंदोबस्तात गावोगावच्या पाटलांना मालकी हक्क मिळाले. गाव सोळा आण्यांचे मानीत. एका भावाचे चार आणे, दुसऱ्याचे दोन आणे आठ पै, असे हिस्से कागदावर पडत. सरकारशी व्यवहार मात्र एकटा लंबरदार करी. त्यामुळे जमिनीवर धुरा न घालताही वाटणी होऊ शके. आणि तलाव तर वाटता येतच नाही. पाळ फुटली तर सगळ्यांचेच धान वाळते. म्हणून पाळ भरणे, गाळ काढणे, पाण्याच्या पाळ्या लावणे ही कामे मालगुजार गावाकडून करवून घेई. यात वेठ होती, जुलूमही होता, हे विसरून चालणार नाही.

1950 च्या कायद्याने, 31 मार्च 1951 पासून, मालगुजारी गेली. मालगुजाराची घरची शेती त्याच्याकडे राहिली, गावतलाव सरकारकडे आले, आणि लोक त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणता म्हणता 'मामा तलाव' म्हणू लागले. कूळ मोकळे झाले ही मोठी गोष्ट. परंतु पाळीची काळजी वाहणारा जो एक माणूस होता, त्याच्या जागी खाते आले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे गेले, कित्येक गाळाने भरले, बेशरमाने माजले. अलीकडे काही गावांत, विशेषतः मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाने, ते पुन्हा हाती घेतले आहेत.

मुलींचा प्रश्न राहिला. 1956 च्या वारसा कायद्याने त्यांना बापाच्या हिश्शात वाटा दिला. वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला आणि 2005 साली तो देशभर झाला. यामुळे आणखी तुकडे पडतील अशी ओरड करणारे भाऊ मला भेटले आहेत. चार भावांनी वाटले तेव्हा त्यांना तुकड्यांची चिंता नव्हती. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली म्हणजे शेत वाचते, हा हिशेब फार सोयीचा आहे.

डोव्हरच्या शेताचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. तेथे घरे बांधण्याचा हक्क त्या कुटुंबाने आधीच कायमचा सोडून दिला होता. म्हणून मालक बदलला, तरी जमीन शेतीखालीच राहिली. दुसऱ्या शेतकऱ्याने ती घेतली. आपल्याकडे वर्धा रोडला किंवा हिंगण्याकडे जाऊन पाहावे : सात-बाऱ्यावर कालपर्यंत आजोबांचे नाव होते, आज तेथे चुन्याने आखलेले प्लॉट आहेत.