जनसंपर्काची पहिली नोकरी

मुलगी ‘पीआर’मध्ये जाते म्हणाली की घरातले बुचकळ्यात पडतात. सुरुवातीचं काम साधंच असतं: सकाळी वर्तमानपत्रांतली कात्रणं काढायची, प्रेसनोट लिहायची, पत्रकारांना फोन करायचे. पगार बेताचा. मात्र आपल्या मुलांजवळ एक भांडवल असतं, ज्याची त्यांनाच किंमत नसते. मुंबईत एकच प्रेसनोट मराठी, इंग्रजी दैनिकांबरोबर ‘इन्किलाब’सारख्या उर्दू दैनिकाकडेही जाते. ज्याला मराठी आणि उर्दू दोन्ही नीट लिहिता येतं, त्याची गरज तिथे लगेच कळते.

कसोटी लागते ती साहेब “एवढं वगळा” म्हणतात तेव्हा. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वेगाडी पाण्यात कोसळून ५३ जण दगावले. कंपनीचे सल्लागार आयव्ही ली यांनी अपघात दडपला नाही. माहिती स्वतःहून पत्रकारांना दिली, त्यांना घटनास्थळी नेलं. पहिली प्रेसनोट म्हणून तिचंच नाव घेतात. (हेच ली पुढे बड्या उद्योगपतींची बाजू मांडताना टीकेचे धनी झाले, तेही मुलांना सांगावं.)

मुलाखतीला जाताना स्वतः लिहिलेल्या दोन-तीन प्रेसनोट सोबत असाव्यात. मोहल्ल्यातल्या शाळेच्या कार्यक्रमाची असली तरी चालेल. नावं, तारखा, आकडे मात्र दोनदा तपासलेले हवेत.