घडीच्या चाकूचे पाते हलते का? घेण्यापूर्वी पाहा

घडीचा चाकू घेताना गिऱ्हाईक आधी धार पाहते, मग मुठीवरचे पितळ. सांधा मात्र कोणी पाहत नाही. धार गेली तर सहाणेवर पुन्हा लावता येते; सांधा ढिला असेल तर तो बोटावर बेततो. पात्याच्या या हालण्याला कारखान्यात ‘प्ले’ किंवा सरळ ‘पाते लूज आहे’ असे म्हणतात. यावरून दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात तक्रारी होतात, म्हणून थोडा खुलासा करीत आहोत.

फट का असते?

पाते रिबिटीवर फिरते. फिरण्यासाठी किंचित फट ठेवावीच लागते. फट शून्य केली तर चाकू उघडणारच नाही. पण सांध्यातली फट टोकाशी वाढून दिसते. सांध्याजवळ पाते 1 सेंटिमीटर रुंद आणि लांबी 8 सेंटिमीटर धरली, तर 0.05 मिलिमीटरच्या फटीने टोक सुमारे 0.4 मिलिमीटर हलते, म्हणजे आठपट. म्हणून लांब पात्याचे हालणे जास्त जाणवते.

दोन प्रकारचे हालणे

पाते डावी-उजवीकडे हलत असेल तर रिबीट ढिली आहे किंवा वायसर झिजले आहेत. हा दोष बहुधा दुरुस्त होतो. पाते वर-खाली हलत असेल तर मात्र कमान किंवा खटका खाचेत नीट बसत नाही, नाहीतर भोक लांबट झाले आहे. खटक्याच्या चाकूत हा दोष असेल तर तो घेऊ नये. जोर लावताना खटका सुटला तर पाते थेट बोटांवर मिटते.

अपेक्षा किती ठेवावी?

साध्या कमानीच्या स्वस्त चाकूत टोकाशी केसभर आडवे हालणे चालते. खटक्याच्या चाकूत उभे हालणे अजिबात नको. फ्रान्समधील ओपिनेल चाकू 1890 पासून बनतो. त्याची मूठ लाकडी असल्याने ओल लागली की लाकूड फुगते आणि पाते आवळते. वाळल्यावर सैल होते. तो त्या लाकडाचा स्वभाव आहे. 1955 पासून त्यात पाते अडकवणारे फिरते कडे आले.

तपासणी सोपी आहे. चाकू पूर्ण उघडावा, मूठ घट्ट धरावी, पात्याची पाठ चिमटीत धरून आधी आडवे, मग उभे हलवावे. धारेला बोट लावू नये. नंतर दहा-बारा वेळा उघडमीट करून पुन्हा हलवून पाहावे.

कारागिरांसाठी

भोक गोल आणि रिबिटीच्या मापाचे असावे. रिबीट ठोकताना पात्याशेजारी पातळ पत्रा घालावा आणि ठोकून झाल्यावर काढून घ्यावा. हवी तेवढीच फट राहते. ढिली रिबीट ऐरणीवर हलक्या घावांनी, दोन्ही बाजूंनी आवळावी. एकच जोराचा घाव बसला तर पाते जाम होते. स्क्रूचा सांधा असेल तर थोडा थोडा फिरवून पाहावा. आवळण्यापूर्वी सांध्यातला कचरा काढून तेलाचा थेंब सोडावा.

उत्तर प्रदेशातील रामपूरचा चाकू हिंदी चित्रपटांनी घरोघरी पोहोचवला. 1990 च्या दशकात तेथे साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंदी आली आणि धंदा आटला. 2023 मध्ये त्याच शहरातील चौकात सुमारे 20 फुटांचा चाकू उभारला गेला. पण पुतळ्याने कारागिराचे पोट भरत नाही. आखूड पात्याचा चाकू दरारा दाखवून विकला जात नाही. तो रोज हातात घेणाऱ्याला पक्का वाटला पाहिजे.

दुकानदारांना आमची एकच सूचना आहे. पाते थोडे हलत असेल तर गिऱ्हाइकासमोर हलवून दाखवा आणि त्याप्रमाणे भाव सांगा. ऐब सांगून विकलेला माल सहसा परत येत नाही. गिऱ्हाईक मात्र परत येते.