घरच्या कॅसेटी जपताना

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आमच्या बहिणीच्या घरात कृष्णेचे पाणी शिरले. भांडीकुंडी, कपडे पुन्हा घेता आले. पण कपाटाच्या खालच्या कप्प्यात व्हीएचएसच्या नऊ कॅसेटी होत्या, त्यांतल्या सहा चिखलात गेल्या. वाचलेल्या तीन आम्ही साताऱ्याला आणल्या. एकीत बहिणीचे १९९४ सालचे लग्न आहे. त्यात हळद दळताना आमची आई जात्यावर ओवी म्हणते. आई आता नाही आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

कॅसेट जायला पूरच यावा लागतो असे नाही. दमट कपाटातही फितीला बुरशी धरते. त्यातून व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केले. तेव्हा वाचकहो, हे काम दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका.

याच कॅसेटची पूर्वी एका दुकानातून आम्ही व्हीसीडी करून घेतली होती. व्हीसीडीचे चित्र अवघे ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. ओवाळताना ज्योत हलली की चेहऱ्यांचे चौकोन व्हायचे. पुढे मुलाने तीच व्हीसीडी मोबाइलसाठी पुन्हा आवळली, तेव्हा तर आई ओळखू येईना. आवळलेले पुन्हा आवळू नये, प्रत मूळ फितीवरूनच काढावी, हे शहाणपण आम्हाला असे आले.

आवळण्याची युक्ती आम्हा कारकुनांना परकी नाही. दर सेकंदाला २५ चित्रे असतात, पण मांडवाचा पडदा तासभर जागचा हलत नाही. तो एकदा लिहायचा आणि पुढे फक्त बदल लिहायचा. खतावणीत मागील शिल्लक पुढे ओढतो तसे. अडचण जुन्या फितीवरच्या मुंग्यांची. संगणकाला त्यातला प्रत्येक ठिपका बदल वाटतो आणि जागा तिथेच खर्ची पडते. म्हणून मुंग्या आधी थोड्या कमी कराव्यात. फार पुसल्या तर आईच्या सुरकुत्याही जातात!

आता हिशेब. सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे तासाला ४५० एमबी. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी लागतात. डीव्हीडीच्या एमपीईजी-२ ला ५ मेगाबिट धरले तर सव्वादोन जीबी. २००३ चे एच.२६४ कॅसेटच्या चित्राला २ मेगाबिटमध्ये भागवते, म्हणजे ९०० एमबी. २०१३ चे एच.२६५ तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा घेते. २०१८ चे एव्ही१ त्याहून काटकसरी आणि परवाना शुल्काविना. पण प्रत तयार व्हायला वेळ फार, आणि जुन्या टीव्हीला ते कळत नाही.

आम्ही एच.२६४ घेतले. कमीत कमी जागा हा एकच निकष धरला असता तर बहिणीच्या टीव्हीवर काहीच लागले नसते. मोबाइलवरच्या नव्या मोठ्या चित्रीकरणाला मात्र एच.२६५ ठेवले. पेनड्राइव्ह एफएटी३२ चा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, हेही ध्यानात असावे. डीव्हीची मूळ प्रत साताऱ्याला हार्डडिस्कवर आहे, लहान प्रत सांगलीला, यंदा वरच्या मजल्यावर.

पेनड्राइव्ह लावला तेव्हा ओवीच्या मध्येच मागे कोणीतरी मोठ्याने हसले. ते आम्हीच, असे बहिणीने सांगितले. तिने तेवढा भाग तीनदा लावला. दोन कॅसेटी अजून उतरवायच्या आहेत.