बर्फातले फिरते घर : समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात जानेवारीच्या रात्री पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. २००८ नंतर तेथील बाकन तेलक्षेत्रात कामगारांची रीघ लागली. विलिस्टन परिसरात भाड्याची घरे मिळेनाशी झाली आणि अनेकांनी हिवाळे आरव्हीत, म्हणजे पलंग, स्वयंपाकघर व शौचालय असलेल्या फिरत्या घरात काढले. अशा राहणीविषयीचे बरेच समज चुकीचे आहेत आणि काही तर जिवावर बेतणारे आहेत.

पहिला समज असा, की हीटर मोठा असला की प्रश्न मिटतो. पण या घरांच्या भिंती जेमतेम दोन इंचांच्या असतात आणि जमिनीखालून वारा मोकळा वाहतो. प्रोपेनवर चालणारी, ताशी ३० हजार बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे एकक) फर्नेस, म्हणजे गाडीतली भट्टी, सलग चालली, तर साडेतेरा किलोचा सिलिंडर दिवसभरही पुरत नाही. म्हणून जाणती माणसे आधी गाडीभोवती जमिनीपर्यंत फोमच्या पाट्यांचे कुंपण घालतात. फर्नेसचा धूर बाहेर पडण्याची वाट मात्र त्याने अडता कामा नये.

गॅस वाचवण्यासाठी विजेचा हीटर लावावा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. अनेक आरव्हींमध्ये फर्नेसच्या गरम हवेची एक वाहिनी जमिनीखालच्या पोकळीत जाते, पाण्याच्या टाक्या आणि नळ्या तिच्यावरच तगतात. विजेच्या हीटरने खोली उबदार झाली की थर्मोस्टॅट फर्नेस सुरूच करत नाही. माणसे वर निवांत झोपतात आणि खाली टाक्या गोठतात. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. नळी किंवा जोड तडकतो तो तेव्हाच, पण कळते बर्फ वितळून जमिनीवर पाणी आल्यावर. त्यामुळे कडाक्याच्या रात्री फर्नेस अधूनमधून चालू राहील अशी व्यवस्था हवीच.

फर्नेस गॅसवर चालते, तेव्हा वीज गेली तरी बिघडत नाही, असेही मानले जाते. तिचा पंखा मात्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरतो. बॅटरी उतरली की फर्नेस बंद. शिवाय लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर तिची कायमची हानी होते, म्हणून ती आतल्या उबेतच ठेवावी लागते.

सिलिंडरमधला गॅस गोठतो, हेही खरे नाही. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आहे. थंडीत तो गोठत नाही, पण त्याची वाफ हळू होते, दाब पडतो आणि फर्नेसची उपासमार होते. सिलिंडर अर्धा रिकामा असेल तर हे लवकर जाणवते. ब्युटेनची गोष्ट वेगळी, तो शून्याच्या आसपासच द्रवरूपात अडकून बसतो. भारतातल्या घरगुती गॅसमध्ये ब्युटेन असतो, त्यामुळे आपल्याकडचा अनुभव तिकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर पाणी साचणार नाही आणि गोठणारही नाही, हा तर्क वरवर पटतो. प्रत्यक्षात बारीक धार बाहेरच्या नळीत थरावर थर गोठत जाते आणि नळी बुजते. व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकी भरली की एकदम रिकामी करणे, हेच योग्य.

ऊब टिकावी म्हणून सगळ्या फटी बुजवणे ही सर्वांत मोठी चूक. एक किलो प्रोपेन जळले की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. धुराड्याविना चालणाऱ्या हीटरची ही सगळी वाफ आतच राहते, त्यात श्वासाची आणि स्वयंपाकाची भर पडते. महिन्याभरात गादी उचलून पाहिली, तर खालचे प्लायवूड ओले आणि बुरशीने काळवंडलेले सापडते. छताची झडप थोडी उघडी ठेवली तर ऊब थोडी जाते, पण ओल निघून जाते.

हवा अपुरी पडली की ज्वाला कार्बन मोनॉक्साइड तयार करते. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. म्हणून स्वयंपाकाची शेगडी ऊब मिळवण्यासाठी कधीही पेटवू नये, झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर लावावा आणि त्याची बॅटरी हिवाळ्याआधी तपासावी.